सतरा रात्रींवर निकाल लावू नका

वाचकाचं पत्र :

ताई, माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत. द्राक्षांचा टेम्पो तासगावहून वाशी मार्केटला नेतात. गाडी घरची, चालवतातही तेच. घोरणं लग्नापासूनचं. पण आता घोरता घोरता एकदम शांत होतात. मी अंधारात आकडे मोजते. परवा सव्वीसपर्यंत मोजले, मग घर्रकन श्वास आला. दोन वर्षांपूर्वी स्लीप स्टडी केली. तासाला ४२ वेळा श्वास अडकतो आणि ऑक्सिजन ७१ पर्यंत उतरतो, असं रिपोर्टात आहे. रात्री मास्कमधून हवा सोडणारं सीपॅप मशीन हप्त्यावर घेतलं. सतरा रात्री लावलं. हवा डोळ्यांत जाते, तोंड कोरडं पडतं, गुदमरतं, असं म्हणाले आणि मशीन कपाटावर गेलं. बीपीच्या एका गोळीच्या दोन झाल्या, वजन ९४ किलो. कुणी म्हणतं घशाचं ऑपरेशन करा, नणंदेचे मिस्टर म्हणतात शंख फुंका, मोबाइलवर दातांत घालायच्या साच्याची जाहिरात सारखी येते. मागच्या महिन्यात खंबाटकीचा बोगदा सुटल्यावर ह्यांचा डोळा लागला. क्लीनरनं हाक मारली म्हणून वाचले. यावर कायमचा इलाज कोणता? मशीन विकून ऑपरेशन करावं का?
– एक वाचक, तासगाव

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सव्वीस आकड्यापाशी थांबले. माझ्याशेजारी बसून माझ्या मुलीनं असेच आकडे मोजले होते. मी डॉक्टर नाही, पण झोपेत श्वास अडकण्याचा हाच आजार, स्लीप ॲप्निया, मलाही आहे आणि गेली नऊ वर्षं मी रोज रात्री सीपॅप लावून झोपते. त्याआधीची तीन वर्षं मला कधी थायरॉइड, कधी पाळी जाण्याचं वय, कधी टेन्शन अशी कारणं मिळत गेली. बाईमाणूस घोरतं हे घरात कुणी बोलत नाही आणि दवाखान्यातही कुणी विचारत नाही. त्यामुळे आता जे लिहिते आहे त्यातलं औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारूनच करा. बाकीचं माझ्या रात्रींनी शिकवलेलं आहे.

आमच्या कोल्हापूरकडे ताईच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, मीही तेच म्हणते. दाजींनी आजपासून रात्रीचा टेम्पो चालवायचा नाही. उपचार मार्गी लागून डॉक्टर हो म्हणेपर्यंत दिवसाही नाही. हंगामात हे सांगणं किती जड आहे, मला कळतं. बदली ड्रायव्हरची मजुरी द्यायची म्हणजे त्या खेपेची कमाई जवळजवळ जाणार. तरीही किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या. तासाला ४२ वेळा श्वास अडकतो म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला मेंदू त्यांना अर्धवट जागं करतो. त्यांना सकाळी ते आठवत नाही. आठ तास अंथरुणात काढूनही झोप पदरात पडत नाही, आणि ही थकबाकी चहानं किंवा तंबाखूनं फिटत नाही. पुढच्या खेपेला क्लीनरचाही डोळा लागलेला असू शकतो.

आता मशीनकडे येते. 'लावलं आणि जमलं नाही' असं तुम्ही लिहिलंय. मला त्यात वेगळंच दिसतं. मशीन बसवून द्यायला जो माणूस आला असेल, तो किती वेळ थांबला? माझ्याकडे आलेला दहा मिनिटांत गेला. पट्टे कसे ओढायचे ते खुर्चीत बसवून दाखवलं आणि पावतीवर सही घेतली. झोपून कुणी पाहिलंच नाही. पहिल्या महिन्यात मीही मास्क रात्री दोनला काढून फेकत होते. माझ्या आईची कवळी आठवा, म्हणजे कुणाच्याही आईची आठवा. पहिल्या दिवशी ती बोचतेच. मग आपण दाताच्या डॉक्टरकडे तीन-चार फेऱ्या मारतो, ते घासून देतात, हिरडी सरावते. बोचली म्हणून पहिल्या पंधरवड्यात कवळी माळ्यावर टाकत नाही. सीपॅपच्या बाबतीत मात्र विकणारा परत येत नाही, घेणाऱ्याला परत जायचं असतं हे माहीत नसतं, आणि हजारो रुपयांचं मशीन कपाटावर धूळ खातं.

मशीन करतं तरी काय? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, पडजीभ, टाळूचा मऊ भाग आणि जिभेचं मूळ मागे सरकतं आणि वाट मिटते. छाती श्वास ओढत असते, पण हवा आत जात नाही. मशीन नाकातून ठरावीक दाबानं हवा सोडतं आणि त्या दाबावर ती वाट उघडी राहते. ते ऑक्सिजन देत नाही, साधी खोलीतलीच हवा देतं. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये हे पहिल्यांदा केलं तेव्हा व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी जोडली होती आणि मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. त्याआधी गंभीर रुग्णाला एकच खात्रीचा उपाय होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. हे वाचल्यापासून मी माझ्या पट्ट्यांबद्दल कुरकुर केलेली नाही.

दाजींच्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. हवा डोळ्यांत जाते म्हणजे मास्क मापाचा नाही, किंवा फार वर बसलाय, किंवा हवा सुटते म्हणून पट्टे जोरात आवळले आहेत. आवळल्यावर मास्कची गादी चुरगळते आणि जास्तच सुटते. मास्कचं माप झोपून, मशीन चालू ठेवून, कुशीवर वळून बघायचं असतं. उभ्यानं घट्ट वाटणारा मास्क आडवं झाल्यावर ढिला होतो, कारण गाल मागे जातात. आणखी एक विचारते, दाजींना मिशी आहे का? असेल आणि मास्क मिशीवर टेकत असेल तर हवा तिथून निघणारच. मिशी काढायची गरज नाही. नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारे छोटे सिलिकॉनचे मास्क मिळतात, ते मिशीला लागत नाहीत. विकणाऱ्याला सांगा, दोन-तीन प्रकार लावून बघितल्याशिवाय घेणार नाही.

तोंड कोरडं पडतं म्हणजे बहुधा तोंड उघडं राहतं, आणि तोंड उघडं राहतं म्हणजे बहुधा नाक बंद असतं. द्राक्षांच्या पट्ट्यात फवारणी, धूळ, वाऱ्याचे दिवस, नाक चोंदणारच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नाक दाखवा. मिठाच्या पाण्याचा फवारा, गरज असेल तर त्यांनी लिहून दिलेला औषधी फवारा, एवढ्यानंही पुष्कळदा वाट मोकळी होते. नाकाचा पडदा वाकडा असेल आणि त्यांनी ऑपरेशन सुचवलं तर एवढंच ध्यानात ठेवा की सरळ पडद्यानं ॲप्निया जात नाही. मशीन सोसणं सोपं होतं. आणि मशीनला पाण्याची डबी असेल तर ती वापरताय ना? हवा ओलसर होऊन येते ती त्या डबीमुळे. त्यात मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून डबी धुऊन सुकत ठेवायची. आमच्याकडे खिडकीत मास्क आणि डबी उपडी घातलेली दिसली की शेजारणीला कळतं, मी उठले.

गुदमरणं ही तिसरी तक्रार, आणि माणसं याच तक्रारीवर मशीन सोडतात. यात एक उलटी गोष्ट आहे. आपल्याला वाटतं दाब जास्त झाला म्हणून जीव घाबरला. पुष्कळदा कारण उलटं असतं. बरीच मशीनं सुरुवातीला ४ च्या दाबानं हवा सोडतात आणि हळूहळू वर नेतात. दाजींसारख्या आडव्या बांध्याच्या माणसाला ४ वर हवा अपुरी पडते, स्ट्रॉमधून श्वास घेतल्यासारखं वाटतं. माझा सुरुवातीचा दाब डॉक्टरांनी ६ वर नेला आणि त्या रात्री मी पहिल्यांदा पहाटेपर्यंत झोपले. हे सेटिंग स्वतः बदलू नका, पण डॉक्टरांना नेमकं हेच विचारा : सुरुवातीचा दाब किती आहे, आणि तो कशावरून ठरवला? दाब ठरवण्याची रात्रीची वेगळी तपासणी असते, ती झाली होती का? लाइट गेली तर मास्कमध्ये जीव जाईल, ही भीती असेल तर काढून टाका. मास्कला हवा बाहेर जायची छिद्रं असतात, नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडपही असते. मशीन थांबलं की माणूस जागा होतो. इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर जोडा.

आणि रात्री अंथरुणात मशीनशी पहिली झुंज घेऊच नका. संध्याकाळी बातम्या बघताना मास्क नुसता हातानं नाकाशी धरायचा, पट्टे नाहीत. दोन-तीन दिवसांनी मशीन चालू करून अर्धा तास बसायचं. मग दुपारच्या वामकुक्षीला लावायचं. रात्र त्यानंतर. मला सरावायला चार महिने लागले. दाजींनी सतरा रात्री काढल्या त्या चुकीच्या मास्कवर काढल्या, म्हणून मी त्यांना हिमतीचा माणूस समजते. हे त्यांना सांगा.

वापर किती तास होतो, यावर सगळं अवलंबून आहे. २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७०० हून अधिक रुग्ण काही वर्षं पाहिले. सीपॅपनं त्यांचं घोरणं आणि दिवसाचं पेंगणं कमी झालं, मन सुधारलं, पण हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत अंगाचे स्नायू सगळ्यात सैल असतात आणि अनेकांचा श्वास सगळ्यात जास्त तेव्हाच अडकतो. दोनला मास्क काढणारा माणूस नेमका तोच वेळ उघडा टाकतो. डॉक्टर किमान ४ तासांचा हिशेब धरतात, पण तो पास होण्यापुरता. झोपलात तेवढा वेळ मास्क हवा, दुपारीही. पुढे दाजी पुन्हा गाडीवर गेले आणि वाशीला माल उतरेपर्यंत केबिनमध्ये आडवे झाले, तर तिथेही. गाडीच्या बॅटरीवर चालवण्यासाठी मशीनच्या कंपनीचाच जोड घ्या, गॅरेजमध्ये वायर जोडून घेऊ नका. रेल्वेनं गेलात तर रात्री डब्यातले चार्जिंग पॉइंट अनेकदा बंद असतात, तेव्हा वेगळी बॅटरी लागेल.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले. शंखाला मी हसत नाही. जयपूरला खरंच असा अभ्यास झाला, २०२५ मध्ये तो छापून आला. मध्यम प्रकारच्या ॲप्नियाचे ३० रुग्ण, त्यातल्या १६ जणांनी सहा महिने आठवड्याला किमान पाच दिवस पंधरा मिनिटं शंख फुंकला. दिवसाचं पेंगणं ३४ टक्क्यांनी कमी झालं आणि श्वास अडकणं तासाला चार-पाच वेळांनी घटलं. घशाच्या स्नायूंचा तो व्यायामच आहे. दाजींनी जरूर फुंकावा, देवघरात तेवढंच पुण्य. पण ४२ मधून पाच गेले तरी ३७ उरतात, आणि तासाला ३० च्या वर गेलं की डॉक्टर त्याला गंभीरच म्हणतात.

वजनाचंही गणित करून बघा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लोकांवर झालेल्या, २००० साली आलेल्या अभ्यासात वजन १० टक्क्यांनी उतरलं की श्वास अडकणं सरासरी २६ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. दाजींनी ९४ वरून साधारण ८५ गाठले तर ४२ चे ३१ होतील. मोठा फायदा आहे, वाट धरायलाच हवी, आणि तरीही मशीन सुटत नाही. साखरेसाठी आणि वजनासाठी आठवड्याला घ्यायचं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत लठ्ठपणासह असलेल्या ॲप्नियासाठी मंजूर झालं. २०२५ पासून ते आपल्याकडेही मिळतं. चाचण्यांत वर्षभरात श्वास अडकणं तासाला २५ हून जास्त वेळांनी कमी झालं, हे मला मोठं आशादायक वाटतं. पण ते थांबवलं की वजन परत यायला लागतं, खर्च आहे, आणि सगळ्यांना चालत नाही. डॉक्टरांशी बोला, जाहिरातीशी नाही.

दातांचा साचा खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतो. सौम्य आणि मध्यम त्रासाला तो चांगला, आणि ज्याला मशीन कशानंच जमलं नाही त्यालाही काही नसण्यापेक्षा बरा. मात्र तो या कामाची माहिती असलेल्या दंतवैद्यानं माप घेऊन केलेला हवा. गरम पाण्यात मऊ करून चावायचा, मोबाइलवर मागवलेला नको. दाजी तंबाखू खात असतील तर हिरड्या आधी तपासाव्या लागतील.

ऑपरेशनबद्दल मात्र मी जरा ठामपणे सांगते, मशीन विकून त्यात पैसे घालू नका. मुलांमध्ये टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढले की बऱ्याचदा प्रश्न मिटतो, म्हणून लोकांना वाटतं मोठ्यांचंही तसंच. पडजीभ आणि टाळूचा भाग कापण्याचं ऑपरेशन १९८१ पासून होतंय आणि त्याचा गुण येईलच असं सांगता येत नाही. त्यात एक फसवा धोका आहे : घोरणं बंद होतं, घर शांत झोपतं, आणि श्वास मात्र आवाज न करता अडकतच राहतो. घशात अडथळा नेमका कुठे आहे हे औषधानं झोपवून दुर्बिणीतून पाहता येतं. ते न पाहता कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर घ्यायची नाही. जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया जास्त परिणामकारक आहे, पण फार मोठी, आणि मुख्यतः ज्यांचा जबडा मुळात मागे आहे त्यांच्यासाठी. जीभ पुढे ढकलणाऱ्या नसेला झटके देणारं यंत्र अमेरिकेत २०१४ पासून आहे, ते आपल्या आवाक्यातलं नाही. कुठलाही उपाय केलात तरी काही महिन्यांनी स्लीप स्टडी पुन्हा करायची. घोरणं थांबलं हा पुरावा धरायचा नाही.

तुम्ही 'कायमचा' इलाज विचारलात. बहुतेक मोठ्या माणसांच्या बाबतीत एकदाच करून मोकळं होता येईल असा इलाज मला तरी दिसलेला नाही. कायम चालणारा आहे. त्यात मशीन आहे, आणि मशीनइतकंच महत्त्वाचं, मशीनचे आकडे वाचणारा माणूस आहे. बहुतेक मशीनं रोजचे तास, हवेची गळती आणि उरलेले अडकलेले श्वास साठवून ठेवतात. छातीविकार तज्ज्ञांकडे जाताना मशीन आणि मास्क पिशवीत घालून न्या. मिरज तुमच्या दारात आहे, तिथे झोपेच्या आजारांचं काम नेहमी करणारे डॉक्टर विचारून शोधा. पहिल्या तीन महिन्यांत तीन वेळा जा, नंतर वर्षातून एकदा, आणि वजन बरंच वर-खाली झालं तर मध्येच. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. झोप सुधारली की बीपी उतरू शकतं, तेव्हा गोळ्या डॉक्टरांना कमी करू द्या. स्वतः बंद करायच्या नाहीत. झोपेची गोळी आणि रात्रीचं पिणं, दोन्हींनी घसा आणखी सैल होतो, दोन्ही सोडायला हवीत. दाजी उताणे झोपल्यावरच जास्त अडकतात असं तुम्हाला दिसत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती मशीनच्या जोडीला कामाला येते.

खर्चाचं एक वाक्यात : मेडिक्लेममध्ये मशीन बहुधा बसत नाही, पण तुमचं मशीन तुमच्याकडे आहेच. नवीन मास्क आणि दोन-चार फेऱ्या एवढाच आत्ताचा खर्च. दोन वर्षं बंद पडलेलं आहे, तेव्हा आधी फिल्टर बदला, नळीत आणि डबीत बुरशी नाही ना बघा, मशीन एकदा तपासून घ्या.

आणि तुम्ही. तुम्ही अंधारात किती वर्षं आकडे मोजताय? डॉक्टरांकडे जाताना तुम्हीही आत जा. सव्वीस हा आकडा, दचकून उठणं, रात्री लघवीला किती वेळा उठतात, सकाळी डोकं दुखतं का, हे सगळं दाजींना माहीत नाही, ते झोपलेले असतात. एका रात्रीचा दोन मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ काढून ठेवा. मला मशीन लावायला लागून पाच महिने झाले होते तेव्हा एका सकाळी मुलगी म्हणाली, "आई, काल मी मोजलंच नाही. मला झोप लागली."

रविवारी कपाटावरची पिशवी खाली काढा. मास्कवर बारीक अक्षरांत माप छापलेलं असतं, ते आणि मशीनच्या पडद्यावर दिसत असेल तर सुरुवातीचा दाब एका कागदावर लिहून घ्या. तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि दुसरी प्रत मला पाठवा.